बिनगव्हाचा नवस

"गहू नाही?"

"नाही."

"म्हणजे पोळ्या दोनच वाढू?"

"म्हणजे पोळी नाहीच, काकू."

"मग पाव आणून ठेवते."

"पाव गव्हाचाच असतो."

"मैद्याचा असतो की."

"मैदा गव्हाचा असतो."

महानंदाकाकूंनी हातातला झारा कढईवर आडवा ठेवला आणि हा माणूस चेष्टा करतोय का ते बघायला ओट्यापासून पुढे आल्या.

"रवा?"

"तोही."

"दूध तरी?"

"दूध, दही, ताक, काहीच नाही. तूप थोडं चालतं."

काकूंच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते माझ्या ओळखीचं होतं. ह्या माणसाला जगवायचंच असेल तर दुसऱ्या कुणीतरी जगवावं, असा तो भाव. कासारखेडातल्या आधीच्या दोन्ही खानावळींनी मला ह्याच चेहऱ्याने परत पाठवलं होतं. एक मालक म्हणाला, "साहेब, इथं खानावळ आहे, दवाखाना नाही." दुसरा जास्त प्रामाणिक निघाला. म्हणाला, "आमच्याकडं लोक खाऊन आजारी पडतात. तुम्ही आधीच आजारी होऊन आलात. नाव मात्र आमचं जाईल."

मला ह्या दोघांचा रागही नव्हता. सिलिअ‍ॅक नावाचा आजार कुणाला समजावून सांगायला सोपा नाही. गहू पोटात गेला की माझी आतडी त्याला शत्रू समजतात आणि युद्ध माझ्याच हद्दीत लढतात, एवढंच मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. दुधाशी त्यांचं वेगळं भांडण होतं. शिवाय मी वेंगुर्ल्याचा. आमच्या घरात माझा पहिला आजार हा समजला जातो, की मला मासे आवडत नाहीत. अंडी खातो, आणि आत्याने सोड्यांची, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची, खिचडी केली तर नाही म्हणत नाही. बाकी शाकाहारी. आईला हे डॉक्टरांनी सांगितलेल्या आजारापेक्षा जास्त लागलं होतं.

कासारखेड नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागात कनिष्ठ अभियंता ही माझी पहिली नोकरी. खोलीमालकाने खोलीत गॅस, शेगडी आणि मित्र ह्या तिन्ही गोष्टींना मनाई केली होती. मी केळी, शेंगदाणे आणि स्टँडमागच्या गाड्यावरची उकडलेली अंडी ह्यांवर दिवस काढत होतो. पँटला पट्ट्याऐवजी श्रद्धा बांधावी लागेल इतका वाळलो होतो. आईने फोनवर शेवटचं सांगितलं होतं, "निनाद, जेवणाची सोय झाली तर राहा. नाही झाली तर राजीनामा टाक आणि घरी ये. मेलेल्या माणसाला पगार देत नाहीत." गावात तिसरी आणि शेवटची खानावळ काकूंची होती.

मी बॅगेतून रिपोर्ट काढत म्हणालो, "काकू, हे बघा, रक्ताची तपासणी…"

तेवढ्यात भिंतीकडच्या बाकावरून आवाज आला, "नवस दिसतो."

हे टेकाळे सर. हायस्कूलला गणित शिकवायचे आणि बायको माहेरी नोकरीला असल्याने दोन्ही वेळा काकूंकडे जेवायचे. गणितासारखंच त्यांना आयुष्यातही उत्तर आधी दिसायचं, पायऱ्या नंतर भरायचे.

"नवस नाही हो, आजार आहे," मी म्हणालो.

सरांनी काकूंकडे बघून डोळे मिटले आणि उघडले. "नवस कुणी बोलून दाखवतं का? दाखवला तर फळत नाही. बरोबर झाकतोय. हाडाचा भक्त आहे."

"पण मी खरंच…"

"बास, बास." काकूंचा आवाज एकदम मऊ झाला. "पुढं बोलू नका. आम्हाला कशाला सांगता? ज्याला सांगायचं त्याला सांगितलंय न्हवं? बसा."

आणि माझ्यासमोर ताट आलं. ज्वारीची भाकरी, आमटी, दोडक्याची भाजी, शेंगाची चटणी. मी रिपोर्ट हातात धरून विचार केला. एकीकडे सत्य होतं. दुसरीकडे भाकरी होती आणि ती फुगलेली होती. मी सत्य पुन्हा एकदा सांगितलं, तोंडात घास घेऊन. ते कुणाला कळलं नाही.

नवस आहे म्हटल्यावर तो कशाचा, हे ठरवणं गावाचं काम होतं आणि गावाने ते मनावर घेतलं. टेकाळे सर राहायचे खडकपुऱ्यात. हा भाग चढावर, गावाच्या पार टोकाला. तिथे नळ येऊन कितीतरी वर्षं झाली होती, पाणी अजून यायचं होतं. लोक नळाला शेळ्या बांधत. खडकपुऱ्याला पाणी चढवायचं काम माझ्याकडे आलंय हे कळताच सरांनी समीकरण सोडवलं.

"खडकपुऱ्याला पाणी येईपर्यंत ह्या पोराने गहू सोडलाय," त्यांनी जाहीर केलं.

"दूध कशाला सोडलं मग?" कुणीतरी विचारलं.

"गहू आपल्यासाठी. दूध शेळ्यांसाठी."

मी नाही म्हणायचो तितका नवस पक्का व्हायचा. एकदा सरांनी मला स्टँडमागच्या गाड्यावर अंडं सोलताना पकडलं. मला वाटलं, सुटलो. आता ही अफवा इथेच मरेल.

"नमस्कार सर," मी मुद्दाम मोठ्याने म्हणालो. "अंडी खातोय. दोन."

सरांनी इकडेतिकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "खा, खा. नवस गव्हाचा आहे, अंड्याचा थोडीच? ताकद लागते. फक्त काकूंना नको सांगू. त्यांच्याकडं लसूण चालतो, हे नाही चालायचं."

आणि माझ्या अंड्यांचे पैसे त्यांनी दिले.

मला ह्या सगळ्याची भीती वाटायला हवी होती. पण भीती वाटायला आधी पोट रिकामं लागतं. काकूंनी माझ्यासाठी वेगळा तवा काढला, त्याच्या मुठीला लाल दोरा बांधला आणि त्यावर पोळी टाकणाऱ्याचे हात मोडतील असं भांडी घासणाऱ्या मावशींना सांगून ठेवलं. माझं दळणसुद्धा वेगळं झालं. गव्हाच्या मागून दळलेली ज्वारी मला चालत नाही, कारण जात्यात पीठ राहतं, हे मी भीत भीत सांगितल्यावर काकू थेट रज्जाकभाईंच्या गिरणीत गेल्या. "नवसाचं दळण आहे," एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून रज्जाकभाई सकाळी गिरणी उघडली की आधी जातं खोलायचे, ब्रशने झाडायचे, मूठभर ज्वारी फिरवून फेकून द्यायचे आणि मग माझं दळायचे. गव्हाचे डबे रांगेत थांबायचे. मोठमोठी माणसं "आधी नवसाचं होऊ द्या" म्हणत उभी राहायची.

तरीही मधूनमधून माझं पोट बिघडायचंच. कारण शोधायला मला बराच वेळ लागला. ते हिंग होतं. डबीतल्या हिंगात पीठ मिसळलेलं असतं, बहुतेकदा गव्हाचंच. मी काकूंना तेही सांगितलं.

"हिंग पण?" काकू म्हणाल्या.

"हिंग पण."

त्यांनी फडताळातून हिंगाची डबी काढली, डोळ्यांपासून लांब धरली, मग जवळ धरली, मग चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली. माझ्याकडे एकदा पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून त्या खानावळीत कुणाच्याच आमटीत हिंग पडलं नाही. आमटीचं पातेलं एकच होतं ना.

टेकाळे सरांनी पहिला भुरका मारला आणि थांबले. "काकू, आज फोडणीत काहीतरी राहिलंय."

"हिंग. नवसाला चालत न्हाई."

सरांनी एक क्षण डोळे मिटले. "कडक आहे," ते आदराने म्हणाले आणि आणखी एक वाटी मागून घेतली. दुपारभर वर्गात त्यांना काय भोगावं लागत असेल ह्याचा मी विचार करत नसे.

खरी पंचाईत ही, की नवस लागू पडत होता. आमचा ठेकेदार आठवडा आठवडा गायब असायचा. तो एक दिवस स्वतःहून मजूर घेऊन आला. "साहेब, घरचे बोलायलेत. एक माणूस पोळी सोडून बसलाय आन तू पाईप अडवून बसलास म्हणून." पाईपलाईन ज्यांच्या बांधावरून न्यायची होती ते कदम अण्णा तीन अभियंत्यांना कुत्रं सोडून हाकलून चुकले होते. मी गेलो तेव्हा त्यांनी कुत्रं बांधलं. मला पाट टाकला. समोर वाटीत शेंगदाणे आणि गूळ ठेवला, "हे चालतं न्हवं?" म्हणून विचारून. आणि कागदावर सही केली.

"अण्णा, माझा नवस वगैरे काही नाही," मी सही झाल्यावर म्हणालो. आधी म्हणायला हवं होतं असं माझी आई म्हणेल. पण मी आधीही म्हणालो होतोच. ते हसले होते.

मग एके दिवशी नवा पंप सुरू केला आणि खडकपुऱ्याच्या पहिल्या नळातून आधी हवा, मग एक पाल, मग लाल चिखल आणि मग पाणी आलं. नळाला बांधलेली शेळी जोरात ओरडली. तिला वाटलं तिच्यामुळे झालं. बायका घागरी आणायला पळाल्या, पोरं नळाखाली डोकी घालायला लागली. मी पाइपाचा जोड गळतोय का ते बघायला वाकलो होतो. वर पाहिलं तर टेकाळे सर. त्यांचे डोळे भरले होते.

"फळला," ते म्हणाले. "आता उद्यापन."

नवस फेडल्याशिवाय ठेवायचा नसतो, हा नियम मला माहीत होता. पण नियम माझ्यावरच येईल असं वाटलं नव्हतं. पाण्यासाठी गहू सोडलेल्या माणसाला पाणी आल्यावर गहू खाऊ घालायचा, ह्यात कुणाला काही चूक दिसणं शक्य नव्हतं. खडकपुऱ्याने घराघरांतून गहू आणि गूळ गोळा केला. म्हशीवाल्यांनी दूध दिलं. रविवारी सकाळी समाजमंदिरासमोर मांडव पडला आणि काहिलीत गव्हाची खीर शिजायला लागली. त्या भागात तिला हुग्गी म्हणतात आणि ती ढवळायला दोन माणसं लागतात. गहू, दूध, गूळ. माझ्या आतड्यांच्या शत्रूंची एवढी मोठी सभा मी आयुष्यात पाहिली नव्हती.

मी मांडवामागे गेलो. काकू तिथे भाताचं बघत होत्या.

"काकू, एक सांगायचंय."

"सांग." एव्हाना मी साहेबाचा 'तू' झालो होतो.

"ती खीर खाल्ली तर मी आठवडाभर उठणार नाही. मजा म्हणून सांगत नाही. तुम्ही तरी ऐका. मला नवस नाही. मला आजार आहे."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"हिंगाच्या दिवशीच कळलं," काकू भाताला झाकण ठेवत म्हणाल्या. "देव काय सांगेल? गहू सोड. दूध सोड. लईच झालं तर वांगं सोड. हिंगाच्या डबीत पीठ असतं, हे देवाला कुठनं कळणार? हे कळायला पोटच लागतं."

"मग बोलला का नाहीत?"

"कुणाला? टेकाळे सरांना? ह्या पोराचं पोट दुखतं म्हणून तुम्ही बिनहिंगाचं खा, असं म्हटलं असतं तर त्यांनी ताट सरकवलं असतं. नवसाचं म्हटलं तर वाटी वाढवून घेतली. रज्जाकभाईनं माझ्या शब्दावर जातं झाडलं असतं? रांगेतल्या माणसांनी झाडू दिलं असतं? देवाचं असलं की लोक थांबतात रे. पोटाचं असलं की म्हणतात, घरी जाऊन खा." मग म्हणाल्या, "आणि मी तरी काय? पहिल्या दिवशी आजार ऐकून घेतला असता तर तुला दारातनंच वाटेला लावला असता."

काकूंनी बाजूचं छोटं पातेलं उघडलं. आत खीरच होती. तसाच रंग, तसेच दाणे.

"ज्वारीची आहे. उखळात सडून, भरडून, नारळाच्या दुधात. तुझ्या दळणातलीच ज्वारी. लांबनं कुणाला कळायची न्हाई. तेवढी खा, हात जोड आणि खाली उतर."

"आणि उद्यापासून?"

"उद्याचं काय?"

"नवस फिटला म्हणजे उद्यापासून मला पोळी वाढतील. वेगळा तवा कशाला म्हणतील. दळण कशाला म्हणतील."

काकूंनी पातेल्यावर झाकण ठेवलं. "आज तर जग," त्या म्हणाल्या.

मला व्यासपीठावर पाटावर बसवलं. टोपी, उपरणं, नारळ. काकूंनी स्वतः वाटी आणून दिली. मी पहिला चमचा तोंडात घातला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. खीर इतकी चांगली झाली होती की मी सगळी वाटी चाटून पुसून संपवली. खाली बसलेल्या म्हाताऱ्या बायका पदराने डोळे पुसायला लागल्या. कित्येक महिने उपाशी पोर, कसं खातंय बघा.

संपलं असं वाटून मी उठायला लागलो तर सरांनी माईक घेतला. "बसा, बसा. पाणी सगळ्या खडकपुऱ्याला आलंय. तेव्हा प्रत्येक घरचा एक घास साहेबांनी घ्यायचा. माउलींनी रांगेनं यावं."

काहिलीपासून व्यासपीठापर्यंत बायकांची रांग लागली. प्रत्येकीच्या हातात वाटी आणि चमचा. मी रांगेचं टोक बघायचा प्रयत्न केला. ते मांडवाबाहेर होतं.

पहिल्या बाईने चमचा पुढे केला. मी तोंड मिटलं.

"लाजू नका की, आ करा."

मी उठून सरांच्या हातातला माईक घेतला. "मंडळी, ऐका. मला गहू चालत नाही. कधीच चालणार नाही. हा आजार आहे. मी नवस बोललेलो नाही. मी कुणी मोठा माणूस नाही."

आधीपेक्षा मोठ्या टाळ्या पडल्या.

"बघा," सर शेजारच्याला म्हणाले, "अजूनही श्रेय घेत नाही."

चमचा पुन्हा ओठांशी आला. दूध आणि वेलचीचा वास आला. मी मनातल्या मनात हिशेब केला, की एवढ्या माणसांसमोर तोंड न उघडण्यापेक्षा हॉस्पिटलला जाणं सोपं आहे. आणि खरं सांगतो, मी तोंड उघडायला लागलो होतो.

"चमचा खाली घे, संगीता."

काकू व्यासपीठावर चढत होत्या. गुडघ्यावर हात देऊन, एक एक पायरी. माईक त्यांनी घेतला नाही. खानावळ चालवणाऱ्या बाईला माईक लागत नाही.

"तो खरं बोलतोय. आजार आहे त्याला. मला ठाऊक होतं. नवस आहे असं मीच चालू दिलं. का, तर तुम्ही आजारी माणसासाठी काही सोडत न्हाई, म्हणून. त्यानं आत्ता खाल्ली ती ज्वारीची खीर होती, तीपण मीच केली. काय बोलायचं ते मला बोला. सर, तुम्हाला हिंग सोडायला लावलं ते पण मीच. उद्यापासून यायचं तर या, न्हाई तर राहू द्या."

काहीलवाल्यांनी ढवळणं थांबवलं. माझं जेवण, नोकरी आणि काकूंची खानावळ, तिन्ही त्या खिरीत एकदमच बुडताना मी पाहत होतो.

सर पुढे आले. "मग पाणी कशामुळं आलं?"

"पंप बसवला," मी म्हणालो.

"नुसत्या पंपानं?"

"साडेसात अश्वशक्तीचा आहे."

लोकांचे चेहरे उतरले. मागून एक म्हातारा म्हणाला, "पंप जळतो ओ." सगळ्यांनी माना हलवल्या. नवसाचं पाणी कायमचं असतं, पंपाचं काही खरं नाही, हे त्यांना पटत होतं. मी कदम अण्णांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघतच नव्हते. सही त्यांनी पंपासाठी केलेली नव्हती.

रांग हळूहळू मोडली. बायका आपापल्या वाट्या घेऊन परतल्या.

एकटी संगीता हलली नाही. पहिला चमचा तिचाच होता. तिच्या कडेवर एक मुलगी होती. मला ती तीनेक वर्षांची वाटली. हातपाय काडीसारखे, पोट तेवढं नगाऱ्यासारखं.

"ओ साहेब," ती हळू म्हणाली, "तुमचं पोट फुगायचं का?"

"हो."

"खाल्लेलं अंगाला लागायचं न्हाई?"

"नाही. काठी झालो होतो."

"हिचं तसंच आहे. दीक्षा सहा वर्षांची आहे." तिने मुलीला कडेवर सावरलं. "दृष्ट काढली. अंगारा लावला. हिच्यासाठी मी दर पौर्णिमेला खीर करते. गव्हाची. देवापुढं ठेवते आणि प्रसाद म्हणून पहिली वाटी हिलाच…"

तिने हातातल्या वाटीकडे बघितलं. मग ती वाटी तिने खाली कुठे ठेवावी हे न कळून तशीच धरून उभी राहिली. काकूंनी ती तिच्या हातातून काढून घेतली.

"मला डॉक्टरकी येत नाही," मी म्हणालो. "असेलच असंही नाही. पण रक्ताची तपासणी असते. मी येतो तुमच्यासोबत जिल्ह्याला. आणि एक करा, तपासणी होईपर्यंत आत्ता खाते तेच खाऊ द्या. एकदम गहू सोडला तर तपासणीत नीट कळत नाही."

माणसाने आयुष्यभर ज्याच्यापासून पळावं, त्याच्याच बाजूने एक दिवस बोलावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू दळणाचा डबा घेऊन गिरणीत गेल्या तेव्हा मी मुद्दाम सोबत गेलो. शिव्या पडल्या तर निम्म्या माझ्या असाव्यात, म्हणून. रज्जाकभाईंनी शटर वर केलं होतं. बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती.

काकू म्हणाल्या, "रज्जाकभाई, नवसाचं न्हाई हे. आजाराचं आहे. तुम्ही रांगेत लावा, काही हरकत न्हाई."

रज्जाकभाईंनी डबा घेतला, तराजूवर ठेवला, आणि माझ्याकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या. "आणि हे मला आत्ता सांगता? मी नुसता वरवर झाडत होतो. नवसात थोडं इकडंतिकडं झालं तर वरचा माफ करतो. आजार करतो का माफ?" मग ते आत वळून ओरडले, "पाना आण रे. आज जातं पुरतं खोलायचंय."

दुपारी टेकाळे सर खानावळीत आले. उशिरा, पण आले. बाकावर बसले, भुरका मारला, म्हणाले, "सवय झाली."

दीक्षाचं निदान झालं तेव्हा संगीता दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली. मी घाबरून म्हणालो, "अहो, जन्मभर जगतात ह्याच्यासकट, माझ्याकडे बघा." तिने माझ्याकडे बघितलं आणि आणखी रडली. पण सोपं हे झालं, की सगळं आधीच तयार होतं. तवा होता, दळण होतं, बिनहिंगाचं पातेलं होतं. संगीता शेतावर कामाला जायची, म्हणून दीक्षा शाळा सुटली की काकूंकडे जेवायला यायला लागली. माझ्याच शेजारी बसायची. पहिले काही दिवस भाकरीचा एक तुकडा चिवडत राहायची. काकू काही म्हणायच्या नाहीत. पोट विश्वास ठेवायला वेळ घेतं, हे त्यांना माझ्यावरून माहीत होतं.

श्रावणाच्या आसपासची गोष्ट असेल. मला आठवतं कारण त्या दिवशी पंप खरोखरच जळाला होता आणि मी सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं. भूक अशी लागली होती की काकूंनी समोर टाकलेल्या भाकरीची वाफसुद्धा मी वाया जाऊ दिली नसती. दीक्षा शेजारी बसली होती. तिने तिची भाकरी संपवली. पूर्ण. ताटाला लागलेली आमटी बोटाने पुसली. मग कुणाकडेच न बघता म्हणाली,

"अजून."

संगीता तिला न्यायला आली होती, ती दारात चपला काढता काढता तशीच थांबली. टेकाळे सरांचा घास हवेत राहिला. काकूंनी तव्याकडे पाहिलं. तव्यावर काही नव्हतं. मग त्या वळल्या आणि माझ्या ताटातली गरम भाकरी उचलून दीक्षाच्या ताटात टाकली. मला विचारलं नाही. नवसाचा माणूस होतो तेव्हा ही हिंमत त्या गावात कुणी केली नसती.

"पीठ मळते," त्या मला म्हणाल्या. "बस जरा. तुला काय मरण येत न्हाई."